नव्या व्यवसायाचे पहिले ग्राहक कसे मिळवावेत? बौद्ध तरुणांसाठी मार्गदर्शक माहिती

नव्या दुकानाच्या उद्घाटनाचे चित्र आपल्या वस्त्यांमध्ये आता नेहमीचे झाले आहे. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार, त्रिशरण-पंचशील, फीत, पेढे, फोटो. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर "जय भीम, हार्दिक अभिनंदन"चा पाऊस. पंधरा दिवसांनी मात्र तोच मुलगा दुकानात एकटा मोबाइल बघत बसलेला दिसतो. अभिनंदन करणाऱ्यांपैकी पैसे देऊन माल घेणारे बोटावर मोजण्याइतके निघतात.

सरकारी नोकऱ्या आटल्या, कंत्राटी पद्धत आली, म्हणून आपली शिकलेली मुले-मुली व्यवसायाकडे वळत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण कर्ज कसे मिळवायचे यावर जितकी शिबिरे होतात, तितकी पहिला ग्राहक कुठून आणायचा यावर होत नाहीत. व्यापारी घरातल्या मुलाला मामाचे दुकान, काकांची एजन्सी, बाजारपेठेतली तीन पिढ्यांची ओळख आयती मिळते. आपल्याकडे ती नाही. म्हणून ती पायरी दर पायरी कशी उभी करायची, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. पहिला ग्राहक ओळखीतून येतो, पण व्यवसाय टिकतो तो अनोळखी माणसाने पूर्ण किंमत देऊन दुसऱ्यांदा घेतलेल्या मालावर. ओळखीपासून त्या अनोळखी माणसापर्यंत जितक्या लवकर पोहोचाल, तितका व्यवसाय सुरक्षित.

धम्म आणि व्यापार

"आपण चळवळीची माणसे, धंदा आपले काम नाही" असे अजूनही काही जण म्हणतात. बुद्धांचे पहिले दोन उपासक तपुस्स आणि भल्लिक हे प्रवासात असलेले व्यापारी होते. जेतवन दान देणारा अनाथपिंडिक श्रावस्तीचा श्रेष्ठी होता. आपल्या महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यगृहातला शिलालेख वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सांगतो.

अंगुत्तर निकायातल्या पापणिक सुत्तात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, त्याला दृष्टी असते: हा माल इतक्याला घेतला, इतक्याला विकला तर इतका नफा, हे तो जाणतो. दुसरा, तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. तिसरा, त्याला आधार असतो, म्हणजे पत असलेले लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. हिशोब, कौशल्य आणि विश्वास. पहिला ग्राहक शोधताना याच तीन गोष्टी लागतात.

मर्यादाही स्पष्ट आहे. शस्त्रे, प्राणी व माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले. खोटे माप, खोटी जाहिरात आणि मित्रांकडून लिहून घेतलेले खोटे अभिप्राय हेही सम्यक आजीविकेत बसत नाहीत.

बाबासाहेबांचा अनुभव

१९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले, तिथे त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. मुंबईत त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देत होता. तरीही सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक यायचे थांबले आणि व्यवसाय बंद पडला. पुढे १९२३ मध्ये बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू केली, तेव्हाही सुरुवातीला जातीमुळे कामे मिळत नव्हती. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर नेत्यांची बाजू मांडली, खटला जिंकला आणि त्यांच्या वकिलीचे नाव झाले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. गुणवत्ता असूनही जातीमुळे ग्राहक तुटू शकतो. तसे झाले तर दोष आपला नाही. आणि ज्या कामाने नाव झाले, त्या कामाचे पक्षकार आपल्या जातीबाहेरचे होते. त्यांना निष्णात वकील हवा होता आणि तो बाबासाहेबांमध्ये मिळाला.

पहिले दहा ग्राहक: यादी कशी करावी

दुकानाचा गाळा घेण्याआधी, कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक वही घ्या आणि तीन याद्या करा.

पहिली यादी: ज्यांना तुमच्या वस्तूची किंवा सेवेची आज गरज आहे असे ओळखीचे लोक. इथे 'ओळखीचे' यापेक्षा 'गरज आहे' हे महत्त्वाचे. एसी दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला ज्या मावशीकडे एसीच नाही, ती कितीही मायेची असली तरी ग्राहक नाही.

दुसरी यादी: ज्यांच्याकडे तुमचे ग्राहक रोज येतात असे लोक. एसीवाल्यासाठी इलेक्ट्रिकल दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, घरे भाड्याने देणारा एजंट. मसालेवालीसाठी पिठाची गिरणी, मेस, डबेवाल्या ताई. शिवणकाम करणाऱ्या ताईंसाठी कापड दुकान आणि शाळा. हे लोक स्वतः घेतीलच असे नाही, पण एकेक जण दहा ग्राहक पाठवू शकतो.

तिसरी यादी: एकाच वेळी जास्त घेणारे. वसतिगृहे, खानावळी, दवाखाने, क्लासेस, लहान कारखाने.

प्रत्येक यादीत किमान दहा नावे हवीत. मग रोज तीन जणांना प्रत्यक्ष भेटा. "माझ्या व्यवसायाला सहकार्य करा" असे म्हणू नका. सहकार्य म्हटले की समोरचा देणगीच्या मनःस्थितीत जातो. प्रश्न विचारा: "सध्या हे काम कुणाकडून करून घेता? त्यात काय त्रास होतो?" एसीवाल्याला बहुतेक वेळा उत्तर मिळेल की मेकॅनिक सांगितलेल्या वेळेला येत नाही आणि पैसे किती होतील ते आधी सांगत नाही. म्हणजे तुमची जाहिरात ग्राहकानेच लिहून दिली: "ठरलेल्या वेळेला येणार, खर्च आधी सांगणार."

काम झाले की तिथेच दोन गोष्टी मागा: काय आवडले नाही ते, आणि हे काम लागेल अशा आणखी दोघांचे नंबर. संकोच वाटतो, पण समाधानी ग्राहक सहसा नाही म्हणत नाही.

मेलेल्या उंदरापासून सुरुवात

चुल्लसेट्ठी जातकातली गोष्ट ग्राहक शोधण्याचा उत्तम धडा आहे. वाराणसीचा श्रेष्ठी रस्त्यात मेलेला उंदीर पाहून म्हणाला, हुशार तरुण एवढ्यावरही धंदा उभा करील. एका गरीब तरुणाने ते ऐकले. त्याने तो उंदीर मांजरासाठी विकला आणि एक क्षुल्लक नाणे मिळवले. त्या नाण्याचा गूळ घेतला आणि रानातून थकून येणाऱ्या फुले वेचणाऱ्यांना गूळ-पाणी दिले. त्यांनी मूठ मूठ फुले दिली. ती विकून तो पुढे गेला. वादळात राजाच्या बागेत फांद्या पडल्या, तेव्हा बाग साफ करून देतो, लाकूड मला द्या, असे म्हणाला. लहान मुलांना गूळ देऊन फांद्या गोळा केल्या आणि ते लाकूड कुंभाराला भट्टीसाठी विकले. पुढे गवत कापणाऱ्यांना पाणी पाजले. घोड्यांचा व्यापारी येणार ही बातमी त्याला ओळखीतूनच मिळाली आणि गवताचा मोठा व्यवहार झाला.

या तरुणाकडे भांडवल जवळपास शून्य होते. पण कोणाला, कुठे, कोणत्या वेळी काय लागते, हे त्याने पाहिले. मे महिन्यात एसीवाला, जूनच्या आधी शाळेचा गणवेश शिवणाऱ्या ताई, उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला करून देणारी मैत्रीण, यांचे गणितही तेच आहे.

किंमत, सवलत आणि उधारी

आपल्यातले नवे व्यवसाय बहुतेक इथे अडकतात. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. घरगुती मसाल्याच्या पाव किलो पाकिटाला कच्चा माल, कांडप, पॅकिंग आणि स्वतःची मजुरी धरून १५० रुपये खर्च येतो. विक्री २०० रुपयांना. नफा ५० रुपये. आता "आपलीच माणसे" म्हणून २० टक्के सवलत दिली तर पाकीट १६० रुपयांना गेले आणि नफा उरला १० रुपये. किंमत २० टक्क्यांनी कमी केली, नफा ८० टक्क्यांनी कमी झाला. एका पूर्ण किमतीच्या पाकिटात मिळायचे, तेवढे मिळवायला आता पाच पाकिटे विकावी लागतात.

त्यात उधारी आली की भांडवलच जाते. पाहुण्याला, शाखेच्या अध्यक्षाला, जयंती मंडळाला पैसे मागायची लाज वाटते. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून ठेवा:

- भाव सर्वांना एकच. भेट द्यायची असेल तर लहान नमुना पाकीट फुकट द्या, किंमत कमी करू नका.
- मोठ्या ऑर्डरला, मग ती विहाराची असो वा लग्नाची, किमान निम्मी रक्कम आगाऊ घ्या.
- उधारी द्यायचीच असेल तर रक्कम, तारीख आणि सही वहीत. मागची उधारी बाकी असताना पुढची नाही.
- घरखर्चाचे आणि व्यवसायाचे पैसे वेगळे. वेगळे बँक खाते आणि वेगळा क्यूआर कोड ठेवा.

"आज रोख, उद्या उधार" ही पाटी जुन्या दुकानांत उगाच लागलेली नसते.

समाजाचे मेळावे: चांगली सुरुवात, अपुरी बाजारपेठ

नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव, २० मार्चचे महाड आणि १४ एप्रिल. या दिवशी लाखो लोक एकत्र येतात. पुस्तके, मूर्ती, कॅलेंडर, बॅज, कपडे यांचे अनेक व्यवसाय इथेच उभे राहिले. नवा माल लोकांना दाखवायला आणि काय चालते ते दोन दिवसांत समजायला यासारखी जागा नाही.

स्टॉल लावायचा असेल तर परवानगी आणि जागेची चौकशी खूप आधी करा. माल मोजून न्या आणि उरलेला मोजून आणा. प्रवास, मुक्काम, जागेचे भाडे आणि दोन माणसांची मजुरी वजा केल्यावर काय उरले ते लिहा. गल्ला भरलेला दिसतो, पण हिशोब केल्यावर कधी कधी हातात काहीच राहिलेले नसते. सर्वांत महत्त्वाचे, घेणाऱ्यांचा गाव आणि फोन त्यांना विचारून लिहून घ्या. मेळाव्यातला ग्राहक एक दिवसाचा असतो. महिन्याभराने त्याने पुन्हा मागवले तरच तो तुमचा ग्राहक झाला.

वर्षातले पाच-सहा दिवस गर्दीचे आणि उरलेले दिवस मोकळे, असा व्यवसाय घर चालवत नाही. आठवडी बाजार, बचत गटांची प्रदर्शने, गृहसंकुले, कार्यालये इथे त्याच मालाची चाचणी लगेच घ्या.

आडनाव विचारणारा ग्राहक

समाजाबाहेर विकायला गेलात की कधी ना कधी प्रश्न येतो: "आडनाव काय?" खाद्यपदार्थांच्या व्यवसायात तो जास्त येतो. यावर नाव लपवावे का, असे अनेक तरुण विचारतात. आमचे मत असे आहे.

खोटे सांगू नका. खोटे उघडे पडायचेच, आणि त्या दिवसापर्यंत मनावर ओझे राहते. पण व्यवसायाच्या नावात स्वतःची सगळी ओळख असलीच पाहिजे असेही नाही. नावाने काम सांगावे. दुकानात बाबासाहेबांची प्रतिमा लावणे हा तुमचा अधिकार आहे. ती लावायची की नाही हे तुम्ही ठरवा, ग्राहकाच्या भीतीने ठरवू नका.

काही ग्राहक जातील. ते किती गेले हे वहीत लिहा, कारण मनातली भीती आकड्यापेक्षा मोठी असते. आणि व्यवसाय अशा प्रकारे पसरवा की एका गल्लीने पाठ फिरवली तरी तो बुडणार नाही: दोन-तीन वेगळ्या भागांतले ग्राहक, काही घाऊक खरेदीदार, काही शहरातले. खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षेची नोंदणी घ्या. पाकिटावर नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, वजन, किंमत आणि तारीख छापा. नीट छापलेले, बंद पाकीट दुकानाच्या फळीवर बरोबरीने उभे राहते.

एका व्यक्तीने माल न घेणे आणि गावाने ठरवून बहिष्कार टाकणे यात फरक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा तशी धमकी देणे हा स्पष्ट गुन्हा ठरवला आहे. तसे घडल्यास संदेश, ध्वनिमुद्रण, साक्षीदार यांची नोंद ठेवा आणि जाणत्या कार्यकर्त्याला व वकिलाला सोबत घेऊन तक्रार करा.

सरकार हाही ग्राहक आहे

योजना म्हटले की आपल्याला अनुदान आठवते. पण सरकार दरवर्षी प्रचंड खरेदी करते आणि तिथे आपला वाटा ठरलेला आहे.

- खरेदी धोरण: केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. अशा उद्योगांना निविदा संच मोफत मिळतो आणि अनामत रकमेतून सूट असते. हे धोरण माल तयार करणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी नाही.
- उद्यम नोंदणी: आधार आणि पॅनवर होते, पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणाऱ्या एजंटांपासून आणि सारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. नोंदणी करताना सामाजिक प्रवर्ग बरोबर भरा.
- जातीचा दाखला: १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. केंद्राच्या कामासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवा. भागीदारीत किंवा कंपनीत अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचा किमान ५१ टक्के हिस्सा लागतो.
- जेम पोर्टल आणि हब: सरकारी खरेदीच्या या पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंद करता येते. नोंद केली म्हणजे ऑर्डर आली असे नाही. जवळची केंद्रीय कार्यालये काय विकत घेतात ते पाहून तेवढाच माल ठेवा. २०१६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब यात मदत करते.
- थकलेले पैसे: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला किंवा सेवा पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास व्याज मागता येते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी बिल आणि माल मिळाल्याची पोच हवीच.

एक इशारा. सरकारी कामाचे पैसे अडकले की लहान व्यवसाय कोसळतो. म्हणून रोज रोख देणारे ग्राहक तयार झाल्यावरच या वाटेला जा.

पहिल्या तीस दिवसांचा आराखडा

पहिला आठवडा: तीन याद्या, पंधरा भेटी, फक्त प्रश्न. भाव ठरवा.

दुसरा आठवडा: पाच जणांना पूर्ण किमतीत विका किंवा काम करून द्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाचे फोटो व भाव टाका, गुगल मॅपवर दुकानाची मोफत नोंद करा.

तिसरा आठवडा: त्या पाच जणांना फोन. तक्रार दुरुस्त करा, नवे नंबर मागा. दुसऱ्या यादीतल्या तिघांशी बोलणी.

चौथा आठवडा: ज्या भागात तुम्हाला कोणीच ओळखत नाही तिथे एक दिवस विक्री करा. महिनाअखेरीस तीन आकडे लिहा: एकूण ग्राहक किती, त्यातले अनोळखी किती, दुसऱ्यांदा आलेले किती.

शेवटचे दोन आकडे वाढत असतील तर पुढे जा. ते शून्य असतील तर कर्ज काढू नका. आधी माल, भाव किंवा जागा बदला.

कार्यकर्त्यांसाठी

आपल्या मुला-मुलींच्या व्यवसायाला शुभेच्छांची कमतरता नाही. खरी मदत तीन प्रकारे होते. पूर्ण किंमत देऊन वेळेवर पैसे द्या. माल आवडला नाही तर तोंडावर सांगा, पाठीमागे नाही. आणि आवडला तर तुमच्या कार्यालयात, सोसायटीत, समाजाबाहेरच्या दोन सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवा. विहारात महिन्यातून एक रविवार नव्या व्यावसायिकांनी आपला माल आणि आपला हिशोब दोन्ही मांडावेत, जाणत्यांनी तो तपासावा. जयंती मंडळांनी मंडप, बॅनर, जेवण यांची ऑर्डर समाजातल्या तरुणांना दिली तर त्यांचे पैसे १४ एप्रिलच्या आधी चुकते करावेत. मंडळाने थकवलेल्या बिलामुळे एखाद्या मुलाचा धंदा बंद पडला, तर जयंतीच्या रोषणाईला काय अर्थ राहिला?

शिका आणि संघटित व्हा हे आपण बाजारातही करू शकतो. वही घ्या, पहिले नाव लिहा आणि उद्या सकाळी त्या माणसाला भेटा.

जय भीम, नमो बुद्धाय.